उपड्या पत्रावळी

नव्या तांदळाचा दुधाळ गंध आणि पळसाच्या ओल्या पानांचा तुरट वास एकमेकांत मिसळले, की ती हिवाळी दुपार माझ्या अंगावर चालून येते.

देश स्वतंत्र होऊन काही वर्षे लोटली होती. गोंदियाच्या मिशनशाळेत मी शिकवत असे. रविवारी आमच्या चर्चमध्ये रेल्वेतली हिंदी बोलणारी कुटुंबे, देवरीकडून आलेले गोंड आणि पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर राहिलेली, धानाच्या बांध्यांतून राबणारी माणसे एकच स्तोत्र गात. बाक मात्र वेगळे. जात सोडून आलो, असे सगळेच म्हणत. या सगळ्यांचे एक घर करावे, हा पाळकसाहेबांचा ध्यास. म्हणून नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या उपकारस्तुतीचे जेवण रांधायला त्यांनी गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या राहेलला सांगितले. तिच्या सासऱ्याने हयातभर गावची मेलेली गुरे ओढली होती, हे ठाऊक असूनच सांगितले.

राहेल पहाटेपासून चुलीपुढे होती. अंगावर नवे लुगडे, चेहऱ्यावर लग्नघरातली लगबग. चर्चच्या अंगणात पंगत बसली; बाकांसारख्याच ओळीही वेगळ्या, पुढची रेल्वेतल्यांची. भाताची परात घेऊन ती पुढे, वरणाची बादली घेऊन मी मागे. पहिल्या पानावर गार्ड सॅम्युएलबाबू होते. प्रार्थनेसाठी मिटलेले डोळे त्यांनी उघडले आणि राहेलकडे न पाहताच आपली पत्रावळ शांतपणे उपडी केली. मग शेजारच्याने केली. मग त्याच्या शेजारच्याने. पाने जमिनीला टेकतानाचा तो हलका, खरखरीत आवाज ओळीने पुढे सरकत गेला, आणि परातीतली वाफ राहेलच्या तोंडावर येत राहिली.

त्या ओळीत एकच पत्रावळ सरळ होती, सॅम्युएलबाबूंच्या म्हाताऱ्या आईची.

"मोला भात दे बेटी, भूख लागत हे," ती तिच्या छत्तीसगडीत म्हणाली.

राहेल वाढायला वाकली, तोच मुलाने आईला दंडाला धरून उठवले. म्हातारी जाताना मागे वळून भाताकडे पाहत होती.

पाळकसाहेब सज्जन होते, आणि सज्जनांची घाई कधी कधी फार निर्दय असते. त्यांनी सर्वांना चर्चमध्ये बोलावले, समेटाची प्रार्थना केली आणि भर सभेत म्हणाले, "राहेलबाई, प्रभूच्या नावाने यांना क्षमा करा."

तिच्या बोटांना अजून शिते चिकटलेली होती.

"माफी मांगून कोन राहिला, साहेब?" ती म्हणाली. "मी देऊ कोनाले?"

ती निघून गेली. भात संध्याकाळी गाईंपुढे ओतला. त्यांनी तो निःशंक खाल्ला.

पुढच्या रविवारी सॅम्युएलबाबू पुढच्याच बाकावर होते आणि स्तोत्रात त्यांचा आवाज सर्वांत खणखणीत होता. पाळकसाहेबांनी त्या दिवशी उपदेश केला नाही. उपासना संपताच ते राहेलच्या वस्तीवर चालत गेले. मीही मागोमाग गेले. ती अंगणात धान पाखडत होती.

"त्यांचं मला सांगता येत नाही, बाई," ते उभ्यानेच म्हणाले. "मी माझी माफी मागायला आलोय. तुम्हाला सगळ्यांपुढे उभं केलं मी."

सूप थांबले नाही. कोंडा त्यांच्या पांढऱ्या झग्यावर बसत राहिला. सुपातले धान संपल्यावर ती म्हणाली, "बसा."

पाणी तिने विचारले नाही.

ते तिथेच मातीत बसले. ती क्षमा होती की नुसती चालरीत, मला आजही सांगता येत नाही. समेट करू पाहणाऱ्याला आधी असे तहानलेले बसावे लागत असेल, एवढेच तेव्हा पुसटसे जाणवले. ऊन कलले तरी ते उठले नाहीत, आणि तिनेही त्यांना जा म्हटले नाही.