बायांच्या नावाची मूठ

“हिच्या तोंडाचा वास घ्या रे कोणी आधी.”

वकीलसाहेब असं म्हणाले आणि धर्मशाळेतले सगळे पुरुष हसले. मीही हसले. मोठ्या माणसाने चेष्टा केली म्हणजे आपल्याला जवळचं मानलं, एवढी माझी अक्कल. मग मला दाराशी, चपला काढतात तिथे बसायला सांगितलं. बसले. पदर सावरून, मानाची पाहुणी असल्यासारखी.

जळगावातली ती बैठक दारू सोडणाऱ्यांची, वकीलसाहेबच ती चालवायचे. दर गुरुवारी आधी भजन, मग एकेकाने उठून आपली कहाणी सांगायची. पत्ता दिला सुपडीअक्काने. ती माझ्यासोबत कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होती. दिवसभर रुईचा भुगा घशात बसायचा. घसा धुवायला म्हणून आम्ही बाया मोहाची दारू घ्यायचो. माझा घसा फारच मळका असावा. मी सुटीच्या दिवशीही धुवायची.

इथवर हसण्यावारी नेता येतं. पुढचं नाही. माझी यमू तान्ही असताना जिनाच्या भिंतीशी झोळीत असायची. ती रडली की मुकादम ओरडायचा. मग मी चिंधीचं टोक दारूत बुडवून तिच्या तोंडात द्यायची. ती झोपायची, मी काम करायची. यमू बोलायला उशिरा लागली. बोलली तीही अडखळत. ते कशामुळे, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून मी त्या बैठकीला गेले.

बैठकीत एका आडत्याचा मुलगा यायचा. पिऊन आपण आईला जिन्यावरून ढकललं, असं तो सांगायचा. सगळे डोळे पुसायचे. सांगून झालं की त्याच्या गळ्यात तुळशीची माळ, हातात पेढा. मी उठले तर वकीलसाहेब म्हणाले, तू बस, तू नुसतं ऐक. बैठक संपली की सतरंज्या झटकायच्या, फरशी पुसायची. तेच तुझं प्रायश्चित्त, असं वकिलीणबाईंनी समजावलं. आणि मला पटलं. फरशी अशी घासायची, जणू पाप तिथेच सांडलंय. बाई गोड बोलायच्या. एकदा चिंधीची गोष्ट मी त्यांच्या कानात सांगून टाकली.

पावसाळ्याच्या तोंडावर धुळ्याहून पाहुणे आले. वकीलसाहेबांनी मला पुढे बोलावलं, सात वर्षांच्या यमूलाही. सतरंजीवर पहिल्यांदा पाय पडला म्हणून मी खूश. त्यांनी यमूच्या डोक्यावर हात ठेवला.

“ही बाई या पोरीला दारू पाजून झोपवायची. ऐका, पोर आता कशी बोलते. सांग गं नाव.”

यमूने नाव सांगितलं नाही. माझ्याकडे पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं.

शरम वाटली. पण शरमेच्या खालून दुसरंच काही वर आलं. माझा गुन्हा खरा. वकिलाचा एक शब्द खोटा नाही. पण माझ्या लेकीला ते सांगायचं होतं मी, आणि या माणसाने ते पाहुण्यांना फराळासारखं वाढलं. त्या आडत्याच्या मुलाच्या आईला कधी असं उभं केलं होतं?

“मनं पाप शे, साहेब. ते मी सांगसू. तुम्ही नही.”

“लाज आहे का तुला?”

“शे ना. म्हनीसन तं जास.”

आहे म्हणूनच जाते, असं बोलून निघाले पोरीला घेऊन. आणि त्याच संध्याकाळी प्यायले. खोटं कशाला सांगू. यमू समोर बसून बघत होती.

सुपडीअक्काला सांगितलं तर ती म्हणाली, “आपली बैठक आपनच करूत.”

श्रावणात आमच्या खानदेशात कानबाई देवी घरोघरी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाचं, पाळण्यातल्या पोराचंही, नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढतात. त्या पिठाचे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. बायांच्या नावाची मूठ नसते. दळतात मात्र बायाच.

त्या श्रावणात सुपडीअक्काच्या ओसरीवर जिनातल्या बाया जमल्या. कुणाचं पाणी कुणाला चालत नव्हतं. मी मधे परात ठेवली. म्हटलं, जिला सोडायची असेल तिने स्वतःचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू टाकावे.

“कानबाईले राग येई, बाई,” एकजण म्हणाली.

“ती बी बाईच शे,” सुपडीअक्का म्हणाली आणि पहिली मूठ तिने टाकली.

एका जात्यावर दळलं. एका तव्यावर रोट भाजले. एकत्र खाल्ले. आता आम्ही भाऊबंद होतो, गावाने काहीही म्हणावं. मग मी यमूला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. झोळी, मुकादम, चिंधी. कुठेही कमी केलं नाही.

यमूने बराच वेळ शब्द जुळवला.

“मा... माय, माले कडू नही लागनं का?”

“लागलं,” मी म्हणाले. “तू तोंड फिरवायचीस. मी धरून ठेवायची.”

ती उठली आणि सुपडीअक्काच्या मांडीला टेकून बसली. मी तिला परत बोलावलं नाही.

पुढे मी घसरलेही. जेव्हा घसरले तेव्हा त्या ओसरीवर जाऊन सांगितलं. यमूला आता लेक आहे. ती तिला माझ्यापाशी एकटी ठेवत नाही. बरोबर करते. मी माफी मागायला जात नाही. मागितली तर तिला देणं भाग पडेल, आणि ते ओझंही मीच तिच्यावर टाकल्यासारखं होईल. मी पीत नाही, एवढंच माझ्या हातात आहे. आणि ओसरीवर नवी बाई आली की तिचं तीच बोलेल. अडखळेल, रडेल, आज नाही तर उद्या येऊन सांगेल. तिच्या वतीने जो कुणी तोंड उघडेल, कितीही मोठा असो, त्याला मी तिथून उठवीन.