जावयाने लिनक्स काढलं!

माझ्या सासऱ्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी मी बायकोच्या लॅपटॉपमधून लिनक्स काढून टाकलं. मला तसं कोणीही सांगितलं नव्हतं.

झालं काय, की मी जावई! सकाळीच प्रभादेवीला सासरी पोचलो. ओवाळायच्या दिव्यांसाठी वाती वळायला घेतल्या, तर सासरे, म्हणजे अप्पा, म्हणाले, "सुहासराव, तुम्ही कशाला? बसा." नारळ सोलायला उठलो, तर "अहो, बसा हो!" जावयाला काम सांगायचं नाही, ही त्या घरातली रीत. रिकामा बसलेला मी किती धोकादायक असतो हे फक्त माझ्या बायकोला, मेधाला माहीत, आणि ती दादरला फुलं आणायला गेलेली.

समोर तिचा लॅपटॉप होता. संध्याकाळी कार्यक्रमाच्या हॉलमध्ये त्यावरून अप्पांच्या आयुष्यातले फोटो दाखवायचे होते. नातेवाइकांच्या मागे लागून लागून तिने ते जमवले होते. त्यातच सासूबाईंचा लग्नाआधीचा एक फोटो होता, अप्पांनीही कधी न पाहिलेला. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. तो फोटो बघताना अप्पांचा चेहरा बघायचा, एवढ्यासाठी तिचा सगळा आटापिटा होता.

आता हे लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी दुसरी प्रणाली. आमच्या लेकीने, सईने, कॉलेजात असताना ते विंडोजच्या शेजारी बसवलं होतं. सई नोकरीला बंगळूरला गेली, लिनक्स राहिलं. लॅपटॉप चालू केला की काळा पडदा येऊन विचारणार, दोघांपैकी कोण हवं? वापरत कोणी नाही आणि जागा मात्र अर्धी अडवलेली! (आणि ती प्रभादेवीत!) म्हटलं, मेधा यायच्या आत साफ करून टाकू, खूश होईल. लिनक्सचा कप्पा शोधला. 'नक्की डिलीट करू?' 'नक्की!' लॅपटॉप बंद करून परत चालू केला.

काळा पडदा. वर एक इंग्रजी ओळ, की असा कप्पाच सापडत नाही. विंडोजचा पत्ता नाही!

"काय सुहासराव, बिघडलं का काही?" अप्पा चष्मा पुसत आले.

"नाही, नाही, अपडेट होतंय."

"किती वेळ लागेल?"

"मोठं अपडेट आहे, अप्पा."

"मी काही मदत करू?"

"तुम्ही कशाला? बसा!" मी जवळजवळ ओरडलोच.

ते बसले. माझ्या शेजारीच बसले! मी खिडकीत जाऊन सईला फोन लावला.

"बाबा, मीटिंग आहे, पटकन बोल."

"सई, मी लिनक्स काढलं, तर विंडोज पण गेलं गं!"

"काय? आईचे फोटो?"

"हळू! आजोबा इथेच आहेत."

"अरे, तुला कोणी सांगितलेलं नसते उद्योग करायला? विंडोज आहे तिथेच आहे. पण दार उघडायचं काम लिनक्सकडे होतं. भाडेकरूला हाकललंस आणि किल्ली त्याच्याच खिशात!"

"मग आता?"

"परत चालू कर, आणि लगेच एफ-बारा दाबत राहा. यादी येईल, त्यात विंडोज निवड."

पहिल्यांदा मी ते बटण शोधेपर्यंत काळा पडदा परत हजर. तेवढ्यात बेल वाजली. मेधा! हातात गजऱ्यांची पिशवी.

"अहो, माझा लॅपटॉप का काळा झालाय?"

"मोठं अपडेट आहे," अप्पांनी परस्पर सांगून टाकलं.

मेधाने फक्त माझ्याकडे बघितलं. सिद्धिविनायकाचं नाव घेतलं, लॅपटॉप पुन्हा चालू केला आणि ते बटण असं बडवलं, की अप्पाही दचकले. यादी आली. विंडोज आलं! मेधाने पिशवी खाली टाकून एकेक फोटो उघडून बघितला, मग मटकन खुर्चीत बसली. "जीव गेला होता माझा," ती म्हणाली. माझाही गेला होता, पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

संध्याकाळी सासूबाईंचा फोटो आला तेव्हा अप्पा खुर्चीतून उठले, पडद्याजवळ गेले आणि नुसते बघत राहिले. हे आज माझ्यामुळे बुडणार होतं, या विचाराने मी लॅपटॉपपासून चार पावलं लांब सरकलो.

शेवटी पडद्यावर पाटी आली : 'तांत्रिक साहाय्य – आमचे जावई सुहासराव'. (मेधाने ती आधीच्या आठवड्यात केली होती. काढायला वेळच मिळाला नाही म्हणाली.) टाळ्या! मागच्या रांगेतून अँटॉप हिलचे एक काका वाकले. "सुहासराव, आमच्या मुलानेही कॉम्प्युटरमध्ये ते लिनक्स का काय भरून ठेवलंय. काढता येईल का हो?"

मेधाने चिमटा काढला, पण तोवर मी बोलून गेलो होतो.

"त्यात काय एवढं, काका! रविवारी येतो."