हरियालचा डोळा

चित्रकला-शिक्षक गुणाकर देशकर यांच्या हातून बालाघाटात जे जे रंगले, त्यावर नाव दुसऱ्याचेच लागले. नाटकाचे पडदे नाट्यमंडळाच्या नावावर खपले, शाळेच्या भिंती मुख्याध्यापकांच्या. म्हणून १९८४ साली निसर्गमंडळाने पक्ष्यांच्या पुस्तकासाठी जलरंगातील चित्रे मागितली आणि प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचे नाव छापण्याचे कबूल केले, तेव्हा त्यांनी मंडळाच्या कपाटातले पेंढा भरलेले बारा पक्षी पिसापिसाने कागदावर उतरवले. पक्षी भरणाऱ्याने सगळ्यांना एकाच पुडीतले पिवळे काचेचे डोळे बसवले होते. गुणाकररावांनी तेही इमानेइतबारे रंगवले.

निसर्गमंडळाचे अध्यक्ष हिरालालजी भर सभेत हसले. "मास्टरजी, सबको पीलिया हो गया क्या?"

ज्यांना पोपट आणि पारवा यांतला फरक कळत नव्हता, त्यांनीही या काविळीच्या विनोदावर टाळ्या पिटल्या. हिरालालजींनी हरियालचे, म्हणजे हिरव्या कबुतराचे, चित्र पुढे सरकवले. "इसकी आँख ज़िंदा बनाके लाइए. नहीं तो दूसरा आदमी देखेंगे."

जिवंत हरियाल गुणाकररावांच्या घरातच होता. कटंगीच्या डोमाजी पारध्याने पंख मोडलेला तो पक्षी आणून दिला होता, आणि त्यांच्या पत्नी अहिल्याबाई त्याला तळहातावर वडाची फळे भरवीत. हरियालच्या निळ्या बुबुळाभोवती गुलाबी कडे असते. प्राण गेला की ते विटते. पक्षी स्वस्थ बसेना, तेव्हा गुणाकररावांनी त्याला तारेने फांदीला जखडले. पापणी मिटू लागली, तशी टाचणीने वर टोचून ठेवली. जलरंगाला घाई चालत नाही. पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही.

"सोडा ना जी त्याले! जीव जाऊन राह्यला त्याचा," अहिल्याबाई ओरडल्या.

"कडं वाळू दे."

कडे वाळले तेव्हा पक्षी तारेत लोंबत होता. गुणाकररावांनी आधी कागद पाहिला. रंग कुठेही फुटला नव्हता.

हिरालालजींनी चित्रावर भिंग धरले. "वाह! छपेगा, आपके नाम से. बाकी ग्यारह भी ऐसे ही."

त्याच संध्याकाळी डोमाजीला बोलावणे गेले. गुणाकररावांनी एकेका पक्ष्याचे नाव सांगितले.

"जितेच पाह्यजेत का, मास्तर?"

"हौ, जितेच."

आतून अहिल्याबाईंचा आवाज आला. "डोमाजी, या घरात पाखरू आणशील तर पाहा!"

डोमाजी चुळबुळला. "मंग कुठं आणू जी?"

"शाळेत आण," गुणाकरराव म्हणाले. "माझ्या वर्गात. पोरंही शिकतील."