गराशाच्या मानेवर जू

उतार लागला की तांड्याचा नायक थांबायचा. पुढच्या बैलाच्या कपाळावर तळहात ठेवून म्हणायचा, "डोंगरावरून फुकट काई उतरत नाही, बाप्पा." मग बाकीच्या जोड्या सागाची लाकडं ओढत त्याच्यामागून खाली यायच्या.

तो पुढचा बैल म्हणजे गराशा. तांड्याचे लोक पूर्वी बैलांवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरत, तेव्हापासूनची ही रीत. गराशाच्या पाठीवर ओझं नाही, मानेवर जू नाही. अंगावर कवड्यांची झूल, आणि काम एकच, पुढं चालणं. तुम्ही पाहिला असता तर तुम्हीही वाट सोडली असती.

जंगलतोडीचा ठेकेदार हसायचा. "नायक, हा नुसता खाऊन राह्यला. विकून टाक."

"मालक, तुमी बी नुसतेच पुढं चालता. तुमाले कोन विकते?"

मग तार आली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत ताणलेली. लाकूड टांगलं की आपल्याच वजनानं खाली. तार कडबा खात नाही, हा ठेकेदाराचा हिशेब. पण तिची बांधणी महाग. चार-दोन झाडांसाठी परवडत नाही, सगळा उतार तोडावा लागतो. तारेच्या ब्रेकवर ठेकेदारानं ठेवलेला मी होतो. शिकलो तिसरीपर्यंत, पण माझ्या हातून एक लाकूड आपटलं नाही. त्या कामाला मी तेव्हा लाजलो नाही, आजही लाजत नाही.

पण त्याआधी, तार गुंडाळलेला लोखंडी ढोल बैलांनीच माथ्यावर चढवायचा होता. ठेकेदारानं शब्द दिला, पायथ्यापासून सडकेपर्यंतची ओढ तांड्याचीच राहील. त्यावरच तांड्याचं पोट होतं. नायकानं जोड्या जुंपल्या. अर्ध्या चढावर एक बैल बसला, उठेना. ढोल मागं सरकू लागला.

"पाहून काय राह्यला? तो मोकळाच आहे ना!" ठेकेदार ओरडला.

नायकानं स्वतः झूल उतरवली. "माफ कर, बाप्पा," म्हणाला, आणि गराशाच्या मानेवर जू ठेवलं.

ढोल चढला. पुढच्या हंगामात पायथ्यापर्यंत ट्रक आला आणि ठेकेदाराचा शब्द गेला. नायकानं जोड्या पुसदच्या बाजारात विकल्या. मी म्हटलं, "गराशा बी विका."

"कोन्या तोंडानं विकू?" एवढंच बोलला.

डोंगर उघडा झाला, तार निघाली. लांबच्या उतारांवर तुरळक साग उरले, तिथं तार परवडेना. ठेकेदारानं मला तांड्यावर धाडलं, नायकाला बैलांसकट बोलवायला. नायक उन्हाळ्यातच वारला होता. त्याची बायको दारात बसली होती.

"बैल हा एकच हाय, भाऊ. ने याले. पुढं चालते तो."

तिनं दावं सोडलं. गराशा उठला, आणि मुकाट्यानं माझ्या मागं येऊन उभा राहिला.