पानोपानी देव

“देवावर माझा विश्वास नाही, पण तो माणूस कामाचा आहे,” हिंडे एकदा म्हणाली होती. रेब मोतलनं तेव्हा कानांवर हात ठेवले होते.

मोतल सिनेगॉगचा, ज्यूंच्या प्रार्थनाघराचा, जुना सेवेकरी; ‘रेब’ ही आदराची हाक. तिथं आता जर्मनांचे घोडे बांधलेले, त्यामुळे सेवेकऱ्याला सवड भरपूर. कोव्हनोच्या घेटोत, ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, तो, बायको फ्रूमा आणि पोरकी हिंडे एकाच खोलीत राहत. मध्ये घोंगडीचा पडदा. हिंडे सोळा वर्षांची. ज्यांनी बापाला नेलं त्यांच्याचसाठी ती दिवसभर हातमोजे शिवायची, आणि उरल्या वेळात वहीत लिहायची: कुणाला उचललं, कोण कसं वागलं.

मग हुकूम निघाला. घरातला कागदन् कागद जमा करा. लपवलेला सापडला तर अख्ख्या घराला गोळी.

फ्रूमानं वही थेट चुलीकडे नेली. “हिच्या खरडीपायी मी नाही मरायची!”

“खुशाल जाळा, मावशी. आधी रेब मोतलना दाखवा फक्त.”

मोतलनं वही उघडली आणि मटकन खाली बसला. प्रत्येक पानाच्या माथ्यावर देवाचं नाव, हिब्रूतली चारही अक्षरं सुबक. असा कागद जाळणं पाप. तो माणसासारखा पुरायचा असतो, आणि पुरणं हे मोतलचंच काम.

“नास्तिक कार्टी! कुणी शिकवलं हे तुला?”

“तुम्हीच. फाटक्या पोथ्या पुरताना.”

नाव नीट लिहिलंय का बघतो, असं म्हणत तो पानं उलटू लागला. एका पानावर थबकला. फ्रूमानंही खांद्यावरून वाचलं: ‘शेजारच्या लिपमनला ओढून नेत होते तेव्हा रेब मोतल मोठमोठ्यानं प्रार्थना म्हणत होते. त्याच्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून.’

“मग काय करायला हवं होतं आम्ही?” फ्रूमा म्हणाली.

“पोरी, उद्या लोक वाचतील हे,” मोतल म्हणाला.

“वाचावं म्हणूनच लिहिते.”

“नाव वर आहे. खालची ओळ खोडायला शास्त्राची हरकत नाही.” मोतलनं घसा खाकरला. “तेवढी खोड. नाहीतर मी फावडं उचलत नाही.” आणि खिशातला उकडलेला बटाटा काढून त्यानं तिच्यापुढे ठेवला.

हिंडेनं पेन्सिल उचलली. मोतल सुटकेचा श्वास टाकून वाकून बघू लागला. त्या ओळीला हात न लावता तिनं खाली लिहिलं: ‘वरची ओळ खोडण्यासाठी आज एक बटाटा मिळत होता.’

वही मिटून तिनं त्याच्या मांडीवर ठेवली, वर बटाटा ठेवला, डोक्याला रुमाल बांधला आणि बाहेर पडली.