वासुदेवकाकांचा कापूस

वासुदेवकाकांच्या खिशात पेन नसायचं, कापूस असायचा. सिंदी गावातल्या घरच्या शेतातला, बोंडातून काढलेला. काका आमच्या रुग्णालयातले जुने तंत्रज्ञ. एमआरआयच्या खोलीबाहेरच्या बाकावर ते तपासणीला आलेल्या मुलाशेजारी बसत, एक तंतू त्याच्या नाकाखाली धरत, दुसरा स्वतःच्या. "सोड. आता थांब. कापूस हालला नाई पायजे." दोघेही थांबत. मग काका म्हणत, "घे."

हृदयाची चित्रं काढताना श्वास सोडून आठ-दहा सेकंद तसंच राहावं लागतं, नाहीतर सगळं पुसट येतं. जन्मापासून हृदयात दोष असलेली ही पोरं जामहून, हिंगणीहून यायची. 'श्वास सोडा, थांबा' सांगणारा मशीनमधला रेकॉर्ड केलेला आवाज त्यांना परका वाटे. म्हणून काका स्वतः माइकवर बोलत, आणि दर वेळी स्वतःही श्वास धरत.

"काका, तुम्ही कशाला?" मी चिडवायची. मी तेव्हा नवी तंत्रज्ञ, फार शहाणी!

"एवढ्याशा पोराले एकटं थांबवाचं काय? अन् ध्यानात ठेवजो बाई, ज्यानं थांबवलं त्यानंच 'घे' म्हनलं पायजे."

गेल्या दिवाळीआधी एका दुपारी काका खाटेवर पडल्या पडल्या गेले. काकू म्हणाल्या, "श्वास सोडला अन् थांबले. मले वाटलं, आता घेतीन." त्यांच्या नाकात कापूस घातला होता. मी मेली, माणसांच्या घोळक्यात उभी राहून तो हलतो का तेच बघत होते.

उन्हाळ्यात हिंगणीची पूर्वा आली. नऊ वर्षांची. सहाव्या वर्षी काकांनीच तिची चित्रं काढली होती. आता हृदयाच्या झडपेतून रक्त मागे फिरत होतं. ऑपरेशन लगेच करायचं की नाही, हे चित्रांवरच ठरणार होतं. महिन्याभरापूर्वी मी केलेली तपासणी, तिचा श्वास थांबेना म्हणून, फसली होती. आता फसली तर भूल द्यावी लागली असती, आणि ती तिच्या हृदयाला पेलेल का, याची डॉक्टरांनाच धास्ती होती.

"मॅडम, झोपवाचं नाई ना हिले?" भाजीपाला पिकवणारा तिचा बाप पुन्हा पुन्हा विचारत होता.

"काका कुठी आहे?" पूर्वाने मागच्या खेपेसारखंच विचारलं. मी पुन्हा सरळ खोटं बोलले, "गावाला गेलेत."

तिला आत सरकवलं आणि मी माइकवर बोलू लागले. पडद्यावर तिच्या श्वासाची रेघ दर वेळी नेमकी सपाट होत होती. चित्रं कशी लख्ख! मनात म्हटलं, जमलं बाई आपल्याला.

शेवटचं चित्र झालं. "घे," मी म्हणाले. रेघ सपाटच. "अगं घे!" सपाटच.

मी आत धावले. पायात काहीतरी अडकलं. तिच्या हेडफोनला आवाज नेणारी नळी होती ती, जमिनीवर लोळत पडलेली. जोडायलाच विसरले होते! माझा एकही शब्द तिच्यापर्यंत पोचला नव्हता. तिला बाहेर ओढलं. ओठ निळसर पडले होते. कानाशी ओरडले, "पूर्वा, घे!"

तिनं घशातून आवाज काढत श्वास ओढला आणि रडवेली होऊन म्हणाली, "या बारीले काका 'घे' म्हनलेच नाई."

"कोणते काका गं?"

"आपले. तेच तर सांगून राह्यले होते. मी थांबली का ते बी थांबत होते."

चित्रं एकूण एक चांगली निघाली. ऑपरेशन झालं, पूर्वा आता शाळेत धावते.

नळी मी आता तीनदा तपासते. माझ्याही खिशात कापूस असतो, आणि मुलांबरोबर मीही थांबते. शेवटचं मूल घरी गेलं की मशीन बंद करण्याआधी माइकचं बटण दाबते आणि रिकाम्या खोलीला सांगते, "काका, घ्या आता."