प्रॉम्प्टरच्या रिकाम्या खड्ड्याबाबत निवेदन

संपादक महोदय,

आपल्या भयकथांच्या सदरासाठी मला लेखणी उचलावी लागली, याचा मला मनस्वी संताप आहे. मी हयातभर न्यायालयात नोकरी केली. साक्षीदाराने पाहिले काय, ऐकले काय आणि त्यात पदरचे मिसळले काय, हे वेगळे करण्यातच माझे केस पांढरे झाले. भूत, पिशाच, झपाटणे यांपैकी कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. पुढील मजकूर वाचून मी 'बदललो' असा निष्कर्ष कोणी काढू नये. माझ्याकडे उत्तर नाही, इतकेच... आणि उत्तर नसणे म्हणजे श्रद्धा नव्हे.

आपले सदर मी नियमित वाचतो. दुखरा दात जिभेने पुन्हा पुन्हा चाचपावा, तसे. आपल्या लेखकांना वेडी बाई फार प्रिय आहे. केस मोकळे, डोळे लाल, हसणे विकट. तिचे मूल मेलेले असते, म्हणून ती विहिरीपाशी बसते आणि स्वतः मेल्यावर कोणा मोटारसायकलवाल्याला दिसते. मूल गमावलेल्या बाईबद्दल या मंडळींना एवढीच माहिती आहे. तिला रोज गोळ्या घ्याव्या लागतात, गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, तरी ती धान निंदायला जाते, उधार मागणाऱ्या शेजारणीशी भांडते, दिवाळीला भावासाठी अनारसे करते — हे लिहिले तर भीती वाटणार नाही, म्हणून लिहीत नाहीत. जिवंत माणसाचे दुःख विनापरवानगी उचलून नेऊन विकणे, याला मी प्रतिभा म्हणत नाही. त्याला व्यवहारात जो शब्द आहे, तोच वापरतो: चोरी.

आता वस्तुस्थिती.

मी पवनीत राहतो. आमचे घराणे विणकरांचे. माझी धाकटी बहीण शकुंतला कोंढ्याच्या बाजूला एका गावात दिलेली आहे. गावाचे नाव देत नाही. तेथील लोकांना बदनाम करण्याचा हेतू नाही. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात तिच्या घराची मातीची भिंत भिजून कोसळली आणि तिचा सात वर्षांचा मुलगा खाली सापडला. शकू सोडून घरची सारी माणसे त्या वेळी धानाच्या रोवण्याला गेली होती. लोक फावडी घेऊन येईपर्यंत तो गेला होता. पुढे काही वर्षांनी तिचा नवराही आजारपणात गेला.

त्यानंतर शकू भिंती ठोकू लागली. कोणाच्याही घरी जावे, बोटाच्या पेराने भिंत ठोकावी, कान लावावा आणि हळू विचारावे, "जागा हायेस का?" मग वाट पाहावी. शाळेची भिंत, देवळाची भिंत, रेशन दुकानाची भिंत. गावाने तिचे नाव 'ठकठकबाई' ठेवले. पोरे तिच्या मागून दारे ठोकत पळत. मी तिला नागपूरला नेऊन उपचार सुरू केले. ती बरी झाली. म्हणजे आपल्या लेखकांना कळेल अशा अर्थाने नव्हे, तर जगता येईल इतकी. आज ती एकटी राहते, स्वतःचे धान पिकवते आणि भिंती ठोकत नाही.

यंदा त्या गावच्या नाट्य मंडळाने दिवाळीनंतरच्या मंडईसाठी, म्हणजे गावच्या जत्रेसाठी, नवे नाटक बसवले. लेखक-दिग्दर्शक प्रमोद, तेथीलच खासगी शाळेत शिक्षक. प्रॉम्प्टिंगसाठी त्याने मला बोलावले. आमच्या भागात प्रॉम्प्टरवाचून नाटक होत नाही. नटमंडळी चार ठिकाणांहून येतात, कोणाचेही भाषण पूर्ण पाठ नसते. मंचाच्या पुढे, वाद्यवाल्यांच्या शेजारी कमरेइतका खड्डा खणतात. प्रॉम्प्टर त्यात बसून प्रत्येक वाक्य दबक्या आवाजात देतो आणि नट ते उचलून फेकतो. प्रॉम्प्टर थांबला की नाटक थांबते. हे काम मी अनेक वर्षे केले आहे.

मी संहिता आधी मागवून वाचली. दुसऱ्या अंकात 'ठकठकबाई' नावाचे पात्र होते. ती येते, पडदे ठोकते, हवालदाराची छाती ठोकते, नायकाचे डोके ठोकते आणि दर वेळी विचारते, "जागा हायेस का?" तिसऱ्या अंकात ती विहिरीत मरते आणि पांढरे लुगडे नेसून परत येते.

मी प्रमोदला घरी बोलावले.

"हे काय आहे?"

"कॉमेडी पार्ट आहे, काकाजी. पब्लिकले हासाले पाह्यजे ना जी."

"ही बाई कोण?"

"काल्पनिक."

"या काल्पनिक बाईच्या घरी मी दरवर्षी भाऊबीजेला जेवतो."

तो थोडा गडबडला. मग म्हणाला, "पण नाव कुठी टाकलं तिचं? अन् समाजातलंच लिहा लागते, काकाजी. आम्ही त तिचं दुःखच दाखवून राहिलो."

"हवालदाराची छाती ठोकून?"

"थे... थोडं लाइट केलं."

हा माणूस मुलांना मराठी शिकवतो. मी त्याला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले. त्यात लिहिले की सदर प्रवेश वगळावा. एखाद्या हयात स्त्रीविषयी लिहायचे असल्यास प्रथम तिला विचारावे. आजार हा विनोदाचा विषय नव्हे. आणि लेखकाला शेवट सुचत नाही म्हणून आजारी माणसाला मारण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही. त्याने प्रवेश वगळल्याची लेखी हमी दिली, आणि त्या अटीवरच मी काम स्वीकारले.

मंडईच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम होती. दुपारचे लख्ख ऊन होते. आपल्या लेखकांनी याची नोंद घ्यावी — अमावस्या नव्हती, वारा सुटला नव्हता, कुत्रे रडले नव्हते. मंडपाबाहेर भज्यांची कढई चढली होती. तालीम बघायला अर्धे गाव जमले होते, आणि बायांमध्ये, पुढच्या बाजूला, शकू बसली होती. प्रयोगाच्या दिवशी तिला पवनीला आमच्या घरी ठेवण्याची व्यवस्था मी केली होती. हमी मिळाली तरी प्रमोदवर माझा भरवसा नव्हता. पण ती तालमीलाच येईल, हे माझ्या ध्यानात आले नाही.

दुसऱ्या अंकात पान उलटले आणि वगळलेली पाने पुन्हा जोडलेली दिसली. विंगेत प्रमोद हात जोडून उभा होता. "काकाजी, एवढी डाव सांभाळून घ्या. पार्ट हिट आहे."

तोवर वर्षाबाई मंचावर आल्या होत्या. या नागपूरहून ठरवून आणलेल्या नटी. त्यांनी पडदा ठोकला, कान लावला. गाव हसले. मागून पोरे ओरडली, "ठकठकबाई..." आणि बऱ्याच माना शकूकडे वळल्या.

तिला पुन्हा भिंतीपाशी उभी बघण्याची माझी तयारी नव्हती. मी संहिता मिटली, काखेत मारली आणि सर्वांसमक्ष खड्ड्यातून वर आलो. मी नाही, संहिता नाही — म्हणजे प्रवेश पुढे जाणार नाही, हा माझा हिशेब. मी शकूजवळ जाऊन उभा राहिलो.

"शकू, चल घरी."

तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. "थांब न भाऊ. पाहू दे."

मंचावर वर्षाबाई अडकल्या होत्या. त्यांनी पुन्हा पडदा ठोकला, पुढच्या वाक्याची वाट पाहिली. मग त्यांची मान किंचित कलली, नजर समोर एका जागी थांबली. खालून वाक्य येऊ लागले की नटाचा चेहरा कसा होतो, हे मी खड्ड्यात बसून आयुष्यभर पाहिले आहे. नेमका तोच चेहरा. आणि त्या बोलू लागल्या. हसवण्याचा सूर नव्हता. प्रॉम्प्टिंग घेताना लागते तशी थांबत थांबत:

"मी ठोकत होती, अन् तो आतून ठोकत होता. किवाड पडलं होतं अंगावर, त्याच्यावर ठोके. तोंडातून आवाज नव्हता निघत, माती गेली असन. म्हून मी ठोकूनच इचारलं, जागा हायेस का. मी ठोकलं का तो ठोके... मंग हळूहळू ठोके. मी म्हणली, बाबा आले रे, आता काढते तुले. कोणीच नव्हतं आलं. मी खोटं बोलली. तो एक डाव ठोकला, मंग नाही ठोकला. त्याले वाटलं असन, बाबा आले, आता कायले ठोकाचं."

बाहेर तेल चुरचुरत होते, तेवढेच ऐकू येत होते. वर्षाबाई पुढच्या वाक्यासाठी थांबल्या; ते आले नाही. त्यांनी वाकून खड्ड्यात पाहिले, मग समोर मला पाहिले, आणि आहे तिथेच खाली बसल्या.

मी तत्काळ जबाब घेतले — प्रत्येकाचा वेगळा, एकमेकांना ऐकू जाणार नाही असा.

वर्षाबाई माझ्यावरच चिडल्या होत्या. "काकाजी, डायलॉग बदलाचा होता त आधी सांगा लागते."

"मी खड्ड्यात होतो का?"

"आवाज खालून येऊन राहिला होता. मी खाली कायले पाहीन? नट खाली पाहते तं पब्लिकले समजते."

"आवाज पुरुषाचा की बाईचा?"

त्यांनी विचार केला. "प्रॉम्प्टिंगचा होता जी. कुजबुजीले काय बाई अन् काय माणूस."

या गावाशी त्यांचा पूर्वी काही संबंध नव्हता. आदल्या दिवशी एसटीने उतरल्या, जेवल्या, झोपल्या. ऑर्गनवाले रामाजी खड्ड्याला लागून बसतात. त्यांनी कुजबुज ऐकली. "मले वाटलं तुम्ही वाकून बसले. माहं ध्यान पट्ट्यायवर." त्यांच्या पलीकडच्या तबलजीने काहीच ऐकले नाही. जबाब जुळत नाहीत, हे मी लपवत नाही. खड्डा मी स्वतः तपासला. बसायची सतरंजी, पाण्याची बाटली, माझ्या चष्म्याचे घर. माईक तिथे नव्हता, कोणी लपावे अशी जागाही नव्हती.

किवाडावरच्या, म्हणजे अंगावर पडलेल्या दारावरच्या, ठोकण्याची हकीकत शकूने मला नागपूरच्या दवाखान्यातील बाकावर सांगितली होती. मी ती पत्नीलाही सांगितलेली नाही. निव्वळ तेवढेच असते, तर मी माझ्या तोंडावर संशय घेतला असता — तालमींच्या दगदगीत कुठे बोलून गेलो असेन. परंतु 'बाबा आले' हे मला माहीत नव्हते.

घरी आल्यावर शकू सुपात तांदूळ घेऊन निवडायला बसली. मी समोर बसलो. तिचा हात भिंतीकडे जातो का, हे पाहत होतो. गेला नाही.

"हे तू कोणाला सांगितले होतेस?"

"कोणालेच नाही."

"डॉक्टरांना?"

"ते झोप लागते का इचारत. तेवढंच सांगो मी."

"मग त्या बाईला कसे कळले?"

"मले काय माहीत? कोर्टात तू होता." तिने एक खडा वेचून टाकला. "पण तसंच झालं होतं. मी खोटंच बोलली होती त्याच्यासंग... बाईनं चांगलं सांगितलं. घाई नाही केली."

मग बराच वेळ ती रडली. मी उठून गेलो नाही. रात्रीची गोळी तिने आठवणीने घेतली.

सकाळी शेजारच्या बाया आल्या. त्यांत एक अशी होती, जिची पोरे पूर्वी शकूच्या मागे दारे ठोकत पळत असत. ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "बाई, पोराचं नाव काय होतं वं?" इतक्या वर्षांत गावाने हे विचारले नव्हते. शकूने नाव सांगितले. मी ते येथे देत नाही. तिने ते त्या बायांना सांगितले आहे, आपल्या वाचकांना नाही.

त्यानंतर प्रमोद आला. हमीपत्र मोडल्याची लाज चेहऱ्यावर होती, पण लाजेखाली नाटककार जागाच होता. "काकाजी, काल थे जे झालं... थे नाटकात ठेवू का? फार उठलं जी."

मी त्याला विश्वासघात म्हणजे काय, मानहानी म्हणजे काय, हे क्रमाने समजावू लागलो. शकू आतून बाहेर आली.

"त्याले काय इचारतेस? मले इचार."

प्रमोदने मान खाली घालून तिला विचारले.

"ठेव," ती म्हणाली. "पण हवालदाराची छाती ठोकाचं काढ. अन् मी इहिरीत नाही मरत. मी जिती आहो."

"काढतो, मावशी."

"अन् बाई बोलून राहिली असताना कोणी हासलं, त पडदा पाड."

"पब्लिक पैसे वापस मागन."

"मागू दे."

मला हे मान्य नव्हते, आजही नाही. प्रमोदसारख्यांच्या हाती काही द्यावे, असे मला वाटत नाही. परंतु निर्णय माझा नव्हता. प्रयोग झाला. ती पवनीला आली नाही. पुढच्या सतरंजीवर बसून तिने पूर्ण नाटक पाहिले. पडदा पाडावा लागला नाही.

यावर आपण 'मुलाचा आत्मा' वगैरे मथळा देणार असाल, तर माझी हरकत आताच नोंदवून ठेवा. मोकळ्या केसांच्या बाईचे चित्र छापल्यास मी कायदेशीर मार्गाने जाईन. खड्डा रिकामा होता, मी बाहेर होतो, संहिता माझ्या काखेत होती आणि वाक्ये खालून आली, असे दोघे सांगतात. याहून अधिक मला सिद्ध करता येत नाही.

हे निवेदन पाठवण्यापूर्वी शकूला वाचून दाखवले. तिने दोन ठिकाणी खोडायला लावले, मी खोडले. शेवटी ती म्हणाली, "आवाज कोणाचा होता, थे नाही लिहिलं."

"मला माहीत नाही, शकू."

"मंग तसंच लिही."

तसे लिहितो. मला माहीत नाही.